ओझं, पहारा आणि गाणं: यरुशलेमच्या मंदिरातले लेवी

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला मारून अर्धमेला टाकलेला असतो. एक याजक येतो, बघतो आणि बाजूने निघून जातो. मागून एक लेवी येतो, तोही तसाच जातो. शेवटी परका मानला गेलेला शोमरोनी थांबतो आणि त्याच्या जखमा बांधतो. लूकच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट ऐकणाऱ्या तेव्हाच्या माणसांना लेवी कोण, हे सांगावं लागत नव्हतं. आपल्याला मात्र याजक कळतो, शोमरोनी कळतो आणि मधला माणूस नुसता नावापुरता उरतो. हजारेक वर्षं एका मंदिराची उपासना ज्यांच्या जिवावर चालली, त्यांची आपल्याकडे एवढीच ओळख असावी, हे मला बरोबर वाटत नाही.

आधी नातं समजून घेऊ, कारण गोंधळ तिथेच होतो. इस्राएल लोकांचा मूळपुरुष याकोब, त्याला बारा मुलगे होते. लेवी त्यांतला तिसरा, लेआच्या पोटचा. त्याच्या वंशजांचं कूळ म्हणजे लेवी. इस्राएलांना मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर काढणारा मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन याच कुळातले. पुढे नियम ठरला तो असा, की याजकपद फक्त अहरोनाच्या वंशजांकडे राहील आणि कुळातले बाकीचे सगळे त्यांच्या मदतीला उभे राहतील. म्हणजे प्रत्येक याजक जन्माने लेवी कुळातलाच, पण प्रत्येक लेवी याजक नाही. वेदीवर बळी चढवणं, रक्त शिंपडणं, धूप जाळणं, आतल्या पवित्रस्थानात जाणं हे याजकांचं काम होतं. त्याखेरीज मंदिरात जे जे लागतं, ते लेवींनी करायचं.

नेमणुकीच्या विधीतही हा फरक दिसतो. याजकाला तेलाचा अभिषेक व्हायचा आणि खास वस्त्रं मिळायची. लेवींवर पाणी शिंपडलं गेलं, त्यांनी अंगभर वस्तरा फिरवला, कपडे धुतले आणि इस्राएल लोकांनी त्यांच्यावर हात ठेवले. तेल नाही, वस्त्रं नाहीत. तो हात ठेवण्याचा भाग मात्र फार बोलका आहे. बळी देण्यापूर्वी माणूस आपल्या पशूच्या डोक्यावर जसा हात ठेवी, तसाच इथे सगळ्या लोकांनी लेवींवर ठेवला. लोकांनी आपल्या वतीने माणसं अर्पण केली, असा त्याचा अर्थ.

हेच कूळ का, याचं उत्तर बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकात हिशेबासकट दिलेलं आहे. मिसरमधून सुटकेच्या रात्री मिसरी घरांतली पहिली मुलं मेली आणि इस्राएलांची वाचली. म्हणून इस्राएलांचा प्रत्येक पहिला मुलगा देवाचा ठरला. आता प्रत्येक घरातला थोरला मुलगा सेवेला न घेता त्यांच्या बदल्यात एक अख्खं कूळच घ्यायचं ठरलं. शिरगणती झाली. लेवी पुरुष 22,000 भरले आणि इतर कुळांतले पहिले मुलगे 22,273. वर राहिलेल्या 273 जणांसाठी माणशी 5 शेकेल रुपं घेतलं गेलं. एकूण 1,365 शेकेल, आणि ते अहरोनाला आणि त्याच्या मुलांना दिले. ही गणती आज इतिहास म्हणून पडताळून पाहता येत नाही. पण एकाच्या बदल्यात एक ही कल्पना किती काटेकोरपणे धरली होती, ते तिच्यातून स्वच्छ दिसतं.

दुसरं कारण रक्ताचं आहे. सोन्याच्या वासराची पूजा झाली तेव्हा मोशेने छावणीच्या दाराशी उभं राहून विचारलं, देवाच्या बाजूचा कोण आहे? लेवी पुढे आले आणि त्यांनी तलवारी चालवल्या. त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं पडली, असं बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकात लिहिलं आहे. हा भाग वाचायला सोपा नाही आणि तो सौम्य करून सांगण्यात अर्थही नाही. त्याआधी खुद्द मूळपुरुष लेवीने भाऊ शिमोनासह शखेम गावात कत्तल केली होती. त्यासाठी मरणाच्या दारातल्या याकोबाने त्या दोघांना शाप दिला होता, की तुमचे वंशज इस्राएलभर विखुरले जातील. लेवी खरोखरच विखुरले गेले. देशाची वाटणी झाली तेव्हा त्यांना सलग प्रदेश मिळाला नाही. इतर कुळांच्या मुलखात 48 गावं आणि गावांभोवतीची गायरानं मिळाली. त्यांतली 6 गावं शरणपुरं होती. हातून नकळत माणूस मेला तर सूडापासून वाचायला तिथे पळून जाता येत असे.

वाळवंटातलं ओझं

मंदिर दगडाचं होण्याआधी ते तंबूचं होतं. वाळवंटातल्या प्रवासात निवासमंडप उतरवायचा, वाहून न्यायचा आणि पुन्हा उभारायचा, ही लेवींची पहिली नोकरी. 30 ते 50 या वयाच्या पुरुषांना हे काम होतं आणि कामाची वाटणी लेवीच्या तीन मुलांच्या घराण्यांप्रमाणे होती. गेर्षोनी पडदे, आच्छादनं आणि दोऱ्या नेत. मरारी फळ्या, अडसर, खांब आणि बैठका नेत. म्हणजे सगळ्यात जड सामान त्यांचं. कहाथींकडे कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, समईचा दीपवृक्ष, भाकरीचं मेज, वेद्या, अशा अत्यंत पवित्र वस्तू.

कुळांच्या सरदारांनी 6 गाड्या आणि 12 बैल दिले तेव्हा मोशेने 2 गाड्या गेर्षोनींना आणि 4 मरारींना दिल्या. कहाथींना एकही नाही. त्यांचं ओझं खांद्यावरच न्यायचं होतं. शिवाय ते ज्या वस्तू नेत, त्या त्यांना बघायलाही मिळत नसत. छावणी हलायच्या वेळी आधी याजक आत जात, मधला पडदा उतरवून त्यानेच कोश झाकत, वर कातडं घालत, त्यावर निळं कापड पसरत आणि दांडे बसवत. सगळं झाकून झालं की मग कहाथी आत येत. वस्तूला हात लागला किंवा ती उघडी दिसली तर मरण, असा स्पष्ट इशारा होता. खांद्यावर देवाचा कोश आहे आणि तो कसा दिसतो हे ठाऊक नाही, अशा अवस्थेत ही माणसं वाळवंट चालत होती.

हा नियम नंतर विसरला गेला आणि त्याची किंमत एका माणसाने मोजली. दावीद राजा कोश यरुशलेमला आणायला निघाला तेव्हा तो नव्या कोऱ्या बैलगाडीवर ठेवला होता. वाटेत बैल अडखळले, गाडीसोबत चालणाऱ्या उज्जाने सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला. दावीद हादरला. मिरवणूक तिथेच थांबली आणि कोश तीन महिने एका घरी राहिला. दुसऱ्यांदा मात्र लेवींना बोलावलं गेलं, दांडे त्यांच्या खांद्यांवर आले आणि मगच कोश शहरात पोहोचला. बायबलमधल्या 'इतिहास' नावाच्या पुस्तकात दावीद स्वतः म्हणतो, की पहिल्या वेळी आपण रीतीप्रमाणे केलं नाही.

ओझं उतरल्यावर

इथे एक प्रश्न उभा राहिला आणि लेवींच्या कथेतली सगळ्यात मोठी कलाटणी त्यातूनच आली. कोश यरुशलेमात स्थिर झाला, मंदिर एका जागी बांधलं जाणार होतं. आता वाहून न्यायला काही उरलं नाही. मग वाहणाऱ्यांनी काय करायचं? त्याच 'इतिहास' पुस्तकानुसार दावीदाने त्यांना नवी कामं वाटून दिली. ग्रंथातला आकडा 38,000 लेवींचा आहे. त्यांतले 24,000 मंदिराच्या एकंदर कामावर, 6,000 अंमलदार आणि न्यायाधीश, 4,000 द्वारपाळ आणि 4,000 वाद्यं घेऊन स्तुती करणारे.

मला यातले शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. कारण मोशेच्या नियमशास्त्रात मंदिरातल्या रोजच्या गाण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. बळी कसा द्यायचा, कुठला भाग जाळायचा, रक्त कुठे लावायचं, हे पानोपानी आहे. गाण्याचा मात्र उल्लेख नाही. रुप्याचे कर्णे आहेत, पण ते फुंकायचे याजकांनी. गाणं आणलं ते लेवींनी. तिन्ही घराण्यांतून एकेक प्रमुख गायक नेमला गेला: गेर्षोनींतून आसाफ, कहाथींतून हेमान, मरारींतून एथान, ज्याचं नाव यदूथून असंही येतं. त्यांच्या हाताखाली 288 जाणकार गायक होते आणि त्यांच्या 24 पाळ्या. पाळी ठरवताना चिठ्ठ्या टाकल्या, त्यात गुरू आणि शिष्य, लहान आणि मोठा असा भेद केला नाही. स्तोत्रसंहितेतली 12 स्तोत्रं आजही आसाफाच्या नावावर आहेत.

पहिलं मंदिर बाबेलच्या लोकांनी पाडलं आणि बंदिवासातून परतल्यावर दुसरं बांधलं गेलं. या दुसऱ्या मंदिराच्या काळातली रोजची सेवा कशी होती, याचं वर्णन मिश्नात सापडतं. मिश्ना हा यहुदी परंपरेचा संग्रह साधारण इ.स. 200च्या सुमारास सिद्ध झाला आणि मंदिर पाहिलेल्यांच्या आठवणी त्यात आहेत. सकाळचं अर्पण संपत आलं आहे. वेदीवर मांस चढलं आहे, आता द्राक्षारस ओतायचा बाकी आहे. लेवी त्यांच्या चौथऱ्यावर उभे आहेत. हा चौथरा सामान्य इस्राएलांचं अंगण आणि याजकांचं अंगण यांच्या बरोबर सीमेवर होता. दोन याजक रुप्याचे कर्णे फुंकतात, एक लांब, एक थरथरता, पुन्हा एक लांब स्वर. मग ते दोघे झांज वाजवणाऱ्याच्या उजव्या-डाव्या बाजूला येऊन उभे राहतात. हा झांजवाला म्हणजे बेन अर्जा, त्याचं नावही मिश्नाने राखून ठेवलं आहे. वेदीवरचा याजक रस ओतायला वाकतो. महायाजकाचा दुय्यम हातातलं फडकं हलवतो. बेन अर्जा झांज मारतो आणि लेवी गायला लागतात.

स्तोत्राचे टप्पे असत. टप्पा आला की गाणं थांबे, कर्णे वाजत आणि अंगणातले सगळे लोक जमिनीला डोकं टेकत. पुन्हा गाणं, पुन्हा कर्णे, पुन्हा दंडवत. कोणत्या वारी कोणतं स्तोत्र, तेही ठरलेलं होतं. रविवारी 24वं, सोमवारी 48वं, मंगळवारी 82वं, बुधवारी 94वं, गुरुवारी 81वं, शुक्रवारी 93वं आणि शब्बाथाला 92वं. चौथऱ्यावर 12 पेक्षा कमी गायक कधीच नसत, जास्त कितीही चालत. लहान वीणा निदान 9, मोठ्या 2 ते 6, आणि झांज फक्त एक. लेवींची लहान मुलंही गात. ती चौथऱ्यावर चढत नसत, खाली मोठ्यांच्या पायांशी उभी राहत, म्हणजे त्यांची डोकी मोठ्यांच्या पायांमधून दिसत. त्यांना वाद्य द्यायचं नाही, फक्त गाऊ द्यायचं, गाण्याला गोडवा यावा म्हणून.

याजक शरीरातल्या व्यंगामुळे सेवेला अपात्र ठरे. लेवीला व्यंग आड येत नसे. मंदिरात त्याची अपात्रता ठरे ती आवाज गेल्यावर. गाण्याची विद्या ही घराण्याची ठेव असे आणि ती शिकवणं हे कर्तव्य. होग्रस नावाच्या एका लेवीला गळ्याची एक खास कला येत होती आणि त्याने ती कुणाला शिकवली नाही. मिश्नाने त्याची नोंद केली आहे ती निंदेने.

रात्री मंदिर बंद झालं की दुसरे लेवी कामाला लागत. 24 ठिकाणी पहारा असे. तीन ठिकाणी याजक, उरलेल्या 21 ठिकाणी लेवी: दारांवर, कोपऱ्यांवर, कोठड्यांपाशी आणि एक जण तर थेट परमपवित्रस्थानाच्या मागच्या भिंतीशी. मंदिराच्या टेकडीचा अधिकारी मशाली घेऊन फेरी मारे. पहारेकरी उठून त्याला अभिवादन करी. उठला नाही तर तो झोपलाय हे कळे. मग काठीचा मार, आणि त्याचे कपडे जाळायचाही अधिकार त्या अधिकाऱ्याला होता. अंगणात आवाज झाला की लोक म्हणत, कुणीतरी लेवी मार खातोय, पहाऱ्यावर झोपला असेल. रब्बी एलियेजर बेन याकोब यांनी तर स्वतःच्या मामाची गोष्ट सांगून ठेवली आहे: त्यांना झोपलेलं पकडलं आणि त्यांचे कपडे जाळले.

ओलांडायची नाही अशी रेघ

लेवी वेदीच्या इतक्या जवळ, तरी वेदी त्यांची नाही. हे सगळ्यांना मुकाट्याने पटलं असेल असं समजायचं कारण नाही. पहिला उठाव वाळवंटातच झाला. कोरह हा कहाथी, म्हणजे मोशे-अहरोनाचा जवळचा भाऊबंद. 250 प्रतिष्ठित माणसं घेऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का मोठे? 250 जणांनी धुपाटणी हातात घेतली, म्हणजे याजकाचं काम केलं. जमीन दुभंगली, अग्नी निघाला आणि उठाव संपला. त्यानंतर प्रत्येक कुळाची एकेक काठी दर्शनमंडपात ठेवली गेली, तेव्हा लेवी कुळाच्या, अहरोनाचं नाव लिहिलेल्या काठीला बदामाची फुलं आली.

गणनेत पुढे एक छोटं वाक्य आहे: कोरहाचे मुलगे मेले नाहीत. हे वाक्य सहज नजरेतून सुटतं आणि सुटू नये. कारण याच घराण्यातले लोक पुढे मंदिराचे द्वारपाळ झाले आणि गायकही. स्तोत्रसंहितेत कोरहाच्या मुलांच्या नावाने जी स्तोत्रं आहेत, त्यांत पाण्यासाठी व्याकूळ झालेल्या हरिणीचं 42वं आहे, आणि दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबऱ्याशी उभं राहणं बरं, असं म्हणणारं 84वंही. बापाने आतली जागा मागितली आणि जीव गमावला. त्याच्या वंशजांच्या गाण्यात दाराशी उभं राहण्याची ओढ आहे. मला स्तोत्रसंहितेतली ही सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट वाटते.

रेघ लेवी-लेवींमध्येही होती. तालमूद या मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. रब्बी यहोशुआ बेन हनन्या हे लेवी, गायकांपैकी. ते योहानान बेन गुदगदा यांना दारं लावायला मदत करायला गेले, तेव्हा योहानान यांनी त्यांना परत पाठवलं: तू गाणाऱ्यांपैकी आहेस, दारं लावणाऱ्यांपैकी नाहीस.

अनेक अभ्यासकांचं मत असं, की ही रेघ सुरुवातीपासून इतकी ठळक नव्हती. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात वारंवार 'लेवी याजक' असंच येतं, जणू दोन्ही एकच. बायबलमधल्याच 'शास्ते' या पुस्तकात मीखा नावाचा माणूस एका भटक्या लेवीला वर्षाला 10 रुप्याची नाणी, कपडे आणि जेवण यांवर घरचा याजक म्हणून ठेवून घेतो. पुढे इ.स.पू. 622च्या सुमारास योशीया राजाने गावोगावची उपासनास्थळं बंद केली आणि उपासना यरुशलेमात एकवटली. तिथल्या पुरोहितांना यरुशलेमच्या वेदीवर जागा मिळाली नाही. यहेज्केल संदेष्टा तर सरळ म्हणतो, की मूर्तिपूजेत सामील झालेल्या लेवींनी यापुढे दारं राखावी, बळी कापावेत, पण वेदीजवळ येऊ नये. दोन दर्जे पक्के झाले ते या घडामोडींतून, असं हे अभ्यासक मांडतात. बाकीचे पारंपरिक क्रमच खरा मानतात. वाद मिटलेला नाही.

पोट आणि जमीन

जमीन नाही, मग खायचं काय? लोकांनी पिकाचा दहावा भाग लेवींना द्यायचा आणि लेवींनी त्यातला दहावा याजकांना. शंभर मापं धान्य पिकलं तर दहा लेवींकडे येत, त्यातलं एक याजकाकडे जाई, नऊ उरत. कागदावर हे चांगलं दिसतं. पण हे सगळं लोकांच्या इच्छेवर होतं, आणि म्हणूनच अनुवादात लेवीचं नाव परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्या ओळीत येतं आणि त्याला विसरू नका अशी पुन्हा पुन्हा विनवणी येते. इतक्या वेळा सांगावं लागलं, याचा अर्थ लोक विसरत होते.

बाबेलच्या बंदिवासानंतर हे उघडच दिसतं. पहिल्या तुकडीबरोबर परतलेल्यांच्या यादीत याजक 4,289 आहेत आणि लेवी 74. गायक आणि द्वारपाळ वेगळे मोजले आहेत, पण तेही प्रत्येकी सव्वाशे-दीडशेच. पुढे नियमशास्त्राचा जाणकार एज्रा निघाला तेव्हा अहवा नदीकाठी त्याने माणसं तपासली तर एकही लेवी नव्हता. निरोप धाडून बोलावले तेव्हा जेमतेम 38 आले. यायचं तरी कशासाठी? वतन नाही, वरचा मान नाही. यरुशलेमचा कारभार पाहणारा नहेम्या काही काळ बाहेर जाऊन यरुशलेमला परतला तेव्हा मंदिर ओस दिसलं. दशमांश थांबला होता आणि गायकांसह लेवी आपापल्या शेतांवर निघून गेले होते. त्याने अधिकाऱ्यांना फैलावर घेतलं, कोठारावर विश्वासू माणसं नेमली आणि लेवींना परत आणलं. याच काळात त्यांनी आणखी एक काम केलं, त्याची आठवण कमी काढली जाते. एज्राने भर चौकात नियमशास्त्र वाचलं तेव्हा लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ समजावून सांगत होते.

शेवटची वर्षं आणि नंतर

मंदिर पडायच्या थोडं आधी, राजा दुसरा अग्रिप्पा याच्या काळात, गायक लेवींनी एक मागणी केली: आम्हालाही याजकांसारखी तागाची वस्त्रं घालू द्या. राजाने धर्मसभा बोलावली आणि मागणी मान्य झाली. इतिहासकार जोसेफस हा स्वतः याजक घराण्यातला. ही गोष्ट पूर्वजांच्या नियमांविरुद्ध होती, असं त्याने नाराजीने लिहून ठेवलं. शतकानुशतकं ज्यांना वेगळं वस्त्र मिळालं नाही त्यांना ते मिळालं, आणि मोजून काही वर्षांत, इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं.

बळी थांबले, वेदी गेली, तरी लेवी ही ओळख टिकली. सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, तोरा (मोशेचं नियमशास्त्र) वाचनासाठी पहिला मान कोहेनला, म्हणजे याजकाच्या वंशजाला असतो आणि दुसरा लेवीला. कोहेन आशीर्वाद द्यायला उभे राहण्याआधी लेवी त्यांच्या हातांवर पाणी घालतात, म्हणून जुन्या यहुदी कबरींवर लेवीची खूण म्हणून पाण्याची झारी कोरलेली दिसते. थोरल्या मुलाला 5 नाणी देऊन सोडवायचा विधी लेवी घराण्यात करावा लागत नाही, कारण ती अदलाबदल वाळवंटातच होऊन गेली. आणि त्या वारांची सात स्तोत्रं सकाळच्या प्रार्थनेत आजही म्हणतात, 'मंदिरात लेवी आज हे म्हणत असत' असं आधी सांगून.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजात परंपरेने कोहेन आणि लेवी घराणी नव्हती. चेऊलकर, नवगावकर अशी गावांवरून आडनावं लावणारे हे सगळे साधे इस्राएल. जिथे कोहेन हजर नसतो तिथे तोरा वाचनाचा पहिला मान त्याच्या जागी दुसऱ्या कुणालाही देता येतो, असा यहुदी नियम आहे, त्यामुळे त्यांच्या उपासनेत काही अडत नाही.